मुशीच्या तेलाच्या तीन बाटल्या

मद्रास,
ता. १२ ऑक्टोबर १९३३

तीर्थस्वरूप राहीताईस,
धोंडूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इथल्या प्रयोगशाळेत मला कसलं काम मिळालं आहे ते ऐकून बाबा हसतील. मी द्रवांतला आवाज मोजतो. बाबा वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून मूठ कानाशी धरायचे आणि खाली ढोमा मासा आला की नाही ते सांगायचे, आठवतं ना? तेच मी काचेच्या पेटीत करतो. फरक एवढाच की माझा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. गारेच्या स्फटिकाची पातळ चकती विजेने थरथरवायची, एका सेकंदात पन्नास लाख वेळा. ती थरथर पेटीतल्या तेलात उतरते. तेल आपल्याला मऊ वाटतं, पण इतक्या झपाट्याने दाबलं आणि सोडलं की तेही उसळून उलट ढकलतं. ते किती दबतं, किती उसळतं आणि थरथर किती अंतर जाऊन विरते, यावरून त्या तेलाचा स्वभाव कळतो. पेटीतून आडवा प्रकाश सोडला की पडद्यावर रेघा उमटतात, त्या आम्ही मोजतो.

एरंडेल, खोबरेल, तिळाचं, सगळं मोजून झालं. सरांनी विचारलं, तुम्ही नवं काय आणणार? माझ्या तोंडून निघून गेलं, मुशीच्या काळजाचं तेल. मुशी म्हणजे शार्क मासा, त्याचं काळीज उकळून काढतात आणि होड्यांना बाहेरून लावतात ते, असं सांगितल्यावर सर खुर्चीतून उठलेच. तर ताई, तू सासरहून परत आलीस तेव्हापासून हंडी तुझ्याच हातात आहे. तुझ्या हातचं एक बाटली तेल पाठव. आणि कसं केलंस, किती वेळ उकळलंस, सगळं लिही. चौथीत असताना गंगाराम मास्तर तुझीच वही वर्गाला दाखवायचे. आई गेली नसती आणि मला सांभाळायला तुला शाळा सोडावी लागली नसती, तर आज या पेटीसमोर तू असतीस. हे मी इथे बोलून दाखवलंही आहे.

दोन वर्षांत प्रबंध झाला नाही तर मला इथून हलावं लागेल. मग पुढे काय, ते मला दिसत नाही. मात्र निबंध छापून येईल तेव्हा त्यात तुझं नाव असेल, हा माझा शब्द.

तुझा,
धोंडू


मिरकरवाडा, रत्नागिरी,
ता. १९ नोव्हेंबर १९३३

चिरंजीव धोंडूस,
राहीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचा डावा कान आता गेल्यातच जमा आहे, म्हणून उजव्या बाजूला बसून दोनदा वाचलं. म्हणाले, "म्हंजे माजाच धंदा करतोय तो! आनि त्येच्यासाठी मद्रासेस जावं लागतंय?" पण दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होते की आमचा धोंडू तेलाला कान लावतो. शेजारची हौसा विचारते, तेल बोलतं का? मी म्हटलं, ऐकणारा असला तर बोलतं.

आता तेलाचं. मुशी सात, सगळ्या सकाळच्या. काळजं काढून लगेच हंडीत. वजन केलं नाही, पण ओंजळी नऊ भरल्या. पाणी दोन तांबे. मशिदीतल्या दुपारच्या बांगेला हंडी चढवली, तिसऱ्या प्रहरच्या बांगेला उतरवली, आच सुरूच्या काटक्यांची, मंद. दोन दिवस झाकून ठेवली. वरचं तेल पळीने काढून धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलं. हे सगळं मी वहीत लिहून ठेवते आहे. तुला लिहिलेलं पत्रही आधी वहीत लिहिते आणि मग नक्कल करते, म्हणजे शाईची चूक तुझ्यापर्यंत येत नाही.

बाटलीला बूच लावणार तेवढ्यात बाबा उठून आले. आपल्या माणसाकडे तेलाचं, मासळीचं काही निघालं की त्यात कोळसा घालायचा, हे मी घाईत विसरले होते. त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा आणला. बाटलीच्या तोंडातून जाईना, तेव्हा बोटांनी कुस्करून आत सोडला. "दर्यावरनं जायचीय ती. मोकळी नको जावंदे, वाटंत कायतरी मागं लागंल." विकायच्या डब्यात आपण घालत नाही, तुला ठाऊक आहे. हे घरचं म्हणून. तुला नको असेल तर काढून टाक, पण बाटली तिथे पोचल्यावर काढ.

नाव छापणार म्हणतोस, ते वाचून हसू आलं आणि थोडं रडूही आलं. माझ्याबरोबर बाबांचंही घाल. कान त्यांचाच आहे.

राही


मद्रास,
ता. ६ फेब्रुवारी १९३४

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

बाटली पोचली. तळाशी बरंच काळं निघालं. हंडी करपू देत जाऊ नकोस, एवढी वर्षं हे काम करतेस तरी! मी फडक्यातून गाळून घेतलं म्हणून निभावलं. उकळण्याच्या वेळा आणि मापं वहीत उतरवून घेतली आहेत. बाकीचं पत्र सवडीने वाचीन. तुझी पत्रं लांब असतात आणि मला इथे श्वास घ्यायला वेळ नाही.

पण ऐक! दुसऱ्या तेलांत जी थरथर चार बोटं जाते, ती तुझ्या तेलात एका बोटातच विरते. रेघा अशा पुसट होत जातात की पहिल्यांदा मला वाटलं चकतीच फुटली. सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः तीन वेळा मोजलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. असं कुठल्याही तेलात कोणी पाहिलेलं नाही. आता दुसरी बाटली हवी, अगदी पहिलीसारखी. काहीही बदलू नकोस, कशातही.

धोंडू


मिरकरवाडा,
ता. ४ मार्च १९३४

चि. धोंडूस आशीर्वाद.

माझी हंडी करपत नाही. मी ती राखेने घासते आणि उन्हात पालथी घालते. तळाशी जे होतं ते काय होतं, हे मी मागच्या पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, मद्रासेत सवड मिळाली की वाच. मोठा झालास तरी न बघता बोलायची खोड गेली नाही.

काही बदलू नकोस म्हणालास, म्हणून काही बदललेलं नाही. मी नाही आणि बाबांनीही नाही. मुशी सात, ओंजळी नऊ, बांगेपासून बांगेपर्यंत. बाटली आजच्या आगबोटीने निघाली.

राही


मद्रास,
ता. २० सप्टेंबर १९३४

ती. ताईस,
सा. न.

निबंध छापून आला! प्रत वेगळ्या टपालाने पाठवली आहे. मुशीच्या तेलाच्या रेणूंचाच हा काही खास गुण आहे, असं आम्ही मांडलं आहे. परदेशातून दोन पत्रं आली. सर म्हणतात, प्रबंध झाल्यात जमा आहे आणि पुढच्या वर्षी इथेच जागाही होईल.

इंग्रजी तुम्हांला कळणार नाही, पण बाबांना आकृती दाखव. डावीकडे आहे ती चकती, लाटांसारख्या रेघा म्हणजे तेलातला आवाज. घाईत आहे.

धोंडू


मिरकरवाडा,
ता. १४ ऑक्टोबर १९३४

चि. धोंडूस,

निबंध पोचला. गंगाराम मास्तरांना बोलावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतला. शेवटी आभार आहेत. तुझ्या सरांचे आहेत, काचेची पेटी करणाऱ्याचे आहेत, वीज पुरवणाऱ्या खात्याचे आहेत. तेल "पश्चिम किनाऱ्यावरून मिळवलं" एवढंच आहे. पश्चिम किनारा केवढा लांब आहे, धोंडू. त्यातलं एक घर तुला आठवलं नाही.

मास्तर चष्मा पुसून निघून गेले. पण बाबा समोर बसले होते. "माजं काय लिवलंन्?" असं त्यांनी विचारलं. मी तो कागद हातात धरला आणि वाचायला लागले. "रत्नागिरीचे केरू यांनी वल्ह्याला कान लावून जी विद्या मिळवली, तीच या संशोधनाचा पाया आहे." इंग्रजीतलं एक अक्षर मला येत नाही, पण कागदावर बोट फिरवत मी हे वाचलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की ते मला पुन्हा वाच म्हणतात. मीही वाचते. प्रत्येक वेळी तेच शब्द यायला हवेत म्हणून ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. तुझं खोटं मला पाठ करावं लागतं, याचा मला फार राग येतो.

माझं नाव नसलं तर नसलं, असं मी लिहिणार होते. पण तसं नाही. मला हवं होतं.

राही


मद्रास,
ता. ३ एप्रिल १९३५

ताई,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, क्षमा कर. मी मोठ्या संकटात आहे. कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेने मुशीचं तेल स्वतः काढून मोजलं. त्यात काहीच नाही. इतर तेलांसारखंच साधं तेल. त्यांनी छापलं आहे की मद्रासचे आकडे समजण्यापलीकडचे आहेत. सर माझ्याशी बोलत नाहीत. जूनमध्ये प्रबंध परीक्षकांपुढे जायचा आहे. माझे आकडे मी बनवले नाहीत हे सिद्ध करता आलं नाही, तर प्रबंध गेला, जागा गेली आणि माझं नाव कायमचं गेलं.

त्या दोन बाटल्यांत तेलाशिवाय काही होतं का? काहीही, चिमूटभरसुद्धा? खरं सांग, मी रागावणार नाही. परतीच्या टपालाने कळव.

धोंडू


मिरकरवाडा,
ता. १३ एप्रिल १९३५

धोंडू,

तू रागावणार नाहीस हे वाचून उपकृत झाले.

माझं पहिलं पत्र काढ. १९ नोव्हेंबर १९३३. शेवटून दुसरा परिच्छेद. ते पत्र तू टाकून दिलं असशील, म्हणून वहीतून पुन्हा उतरवून देते. "त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा आणला. बाटलीच्या तोंडातून जाईना, तेव्हा बोटांनी कुस्करून आत सोडला."

दोन्ही बाटल्यांत होता. काहीही बदलू नकोस म्हणाला होतास. ते काळं तू पाहिलंस, फडक्यातून गाळलंस, आणि मला हंडी घासायला शिकवलीस. कुस्करलेल्या कोळशाची भुकटी फडक्यातून जाते, हे इथे चूल पेटवणारी कोणतीही बाई सांगेल. मिरकरवाड्यात वाढलेल्या माणसाला घरून आलेल्या बाटलीतलं काळं ओळखता येऊ नये, याचं मला नवल वाटतं. कलकत्तेकरांनी ओळखलं नसतं तर मी समजले असते.

परीक्षकांना हे पत्र दाखव. तू आकडे बनवले नाहीस हे त्यांना कळेल. तुझं नाव जाऊ नये असं मलाही वाटतं, त्यात बाबांचं नाव आहे.

राही


मद्रास,
ता. ३० जून १९३५

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार.

तू मला वाचवलंस! पत्र मिळालं त्याच दिवशी मी साध्या तेलात कोळशाची अतिशय बारीक भुकटी घालून मोजलं. हुबेहूब तेच आकडे. सर धावत आले. ताई, ही चूक नव्हतीच, हे पहिल्यापेक्षाही मोठं निघालं. द्रवात घन पदार्थाचे सूक्ष्म कण मिसळले की तो निराळाच पदार्थ होतो. थरथर एवढी जलद असली की तेल हलतं आणि कण मागे राहतात, त्या ओढाताणीत आवाज खर्ची पडतो. आता चुना, राख, शाडू, सगळं घालून मोजतो आहे. होडीला लावतात तो तेल-चुन्याचा लेपसुद्धा. परीक्षकांनी मुदत वाढवून दिली.

या वेळी तुझं आणि बाबांचं नाव पहिल्या पानावर. देवाशपथ. बाबांना सांग, त्यांच्या कोळशाने माझं रक्षण केलं.

तुझाच,
धोंडू


(कार्ड)
मिरकरवाडा, ता. २२ ऑक्टोबर १९३५

बाबा गेले. तार केली होती ती पोचली असेल. आज आठ दिवस झाले, तुझी वाट पाहिली. शेवटी उजवा कानही गेला होता. मी वाचताना त्यांना ऐकू येत नसे, म्हणून ते माझ्या बरगडीला हात लावून बसत, तोंड हलतं आणि अंग थरथरतं तेवढं त्यांना पुरे व्हायचं. छापील कागद चितेवर ठेवायचा नाही असं मी ठरवलं. खोटा होता म्हणून.

आता येईल त्यात त्यांचं नाव खरोखर असू दे. माझं नको.

राही


मद्रास,
ता. ९ जानेवारी १९३६

ती. ताईस,
सा. न.

बाबांच्या वेळी येता आलं नाही, याचं दुःख मलाच ठाऊक. परीक्षक नेमके त्याच आठवड्यात आले होते. प्रबंध मान्य झाला आणि इथली जागा मला मिळाली. दुसरा निबंधही छापून झाला. नावांचं म्हणशील तर इथली पद्धत वेगळी आहे, नात्यातल्या माणसांची नावं घातलेली बरी दिसत नाहीत. शिवाय तुझं पत्र दाखवायचं तर ते मी वेळीच वाचलं नाही हेही उघड झालं असतं. तू समजून घेशील. प्रत उरली नाही, मिळाली की पाठवीन.

एक काम आहे. तुलनेसाठी मुशीचं शुद्ध तेल हवं. बाजारच्यावर माझा विश्वास नाही, तुझ्यासारखं कोणी काढत नाही. या वेळी मात्र निव्वळ तेल. कोळसा, राख, अंगारा, काहीही नको. एवढं लक्षात ठेव.

धोंडू


मिरकरवाडा, रत्नागिरी,
ता. ८ मार्च १९३६

रा. रा. धोंडू केरू यांसी,
नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. प्रत उरली नाही म्हणालात, पण आपण तसदी घेऊ नये. गंगाराम मास्तर माघात मुंबईला गेले होते. तिथल्या एका ग्रंथालयात बसून त्यांनी आपला निबंध अख्खा हाताने उतरवून आणला. पासष्टीच्या माणसाला दोन दिवस लागले. त्यांनी तो मला मराठी करून वाचून दाखवला, आणि पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात जे आहे ते वाचू की नको असं विचारलं. मी म्हटलं, वाचा.

"आधीच्या निबंधातील विसंगती ही तेल पुरवणाऱ्या एका निरक्षर बाईने खुळ्या समजुतीपायी केलेल्या भेसळीमुळे उद्भवली होती. लेखकाने कसून तपास करून ती शोधून काढली."

निरक्षर बाईच्या हातचं हे सहावं पत्र आहे. याच्या आधीची पाच माझ्या वहीत आहेत, तारखांसकट. मास्तरांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "राही, ही वही दे. पहिलं पत्र तसंच्या तसं त्यांच्या संस्थेकडे धाडतो. नोव्हेंबर तेहेतीसची तारीख आहे, तो काय बोलणार?" मला मोह झाला नाही असं नाही. दोन दिवस वही मांडीवर घेऊन बसले होते. आपली जागा, आपला प्रबंध, सगळं त्या एका पानात आहे हे मला कळत होतं.

मी वही दिली नाही. आपल्यावर माया म्हणून नव्हे, ती संपली. त्या पानावर बाबा चुलीपाशी वाकून कोळसा शोधताहेत. त्याला आपण खुळी समजूत म्हटलंत. आपल्याला वाटेत काही होऊ नये म्हणून एका म्हाताऱ्याने बोटं काळी केली होती. ते पान चार परक्यांच्या टेबलावर जावं आणि त्यांनी तो कोळसा खरा की खोटा हे तपासावं, हे मला सोसणार नाही. म्हणून आपण सुरक्षित आहात. पण कोणामुळे, ते या वेळी तरी पत्र शेवटपर्यंत वाचून लक्षात ठेवा.

मागितलेली बाटली आजच्या आगबोटीने पाठवली आहे. मुशी सात, ओंजळी नऊ, बांगेपासून बांगेपर्यंत. फडक्यातून सात वेळा गाळलं आहे, तळाशी काही निघणार नाही. उजेडात धरून पाहिलं तर पलीकडचं बोट दिसतं. आपल्याला हवं होतं तसं निव्वळ तेल आहे.

कोळसा घातलेला नाही. आपण सांगितलंत म्हणून नव्हे. परक्याच्या बाटलीत आम्ही तो घालत नाही.

राही,
तेल पुरवणारी